वहिनींची दोरी

वहिनींच्या मागून गवतात शिरायचं तर हातात दोरी धरावी लागे. सुती दोरी, करंगळीएवढी जाड, वीस-बावीस हात लांब, वापरून वापरून काळपट झालेली. पुढचं टोक वहिनींच्या डाव्या मुठीत, मागचं त्यांच्या नणंदेच्या हातात, आणि मधे आम्ही पाहुणे, सहलीला निघालेल्या शिशुवर्गासारखे. बाकीचे वाटाडे या प्रकाराला ‘वहिनींची बालवाडी’ म्हणायचे आणि हसायचे. छत्तीस वर्षं शाळेत काढल्यामुळे मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मात्र त्या दोरीचं खरं कारण मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, आणि कळूनही मी गप्प बसलो होतो.

तो सगळा प्रदेश सखल. डोंगर संपतात तिथून जमीन सपाट होते, हवा ओलसर आणि जड होते, आणि मग दीड पुरुष उंचीचं गवत सुरू होतं. मधून संथ नदी. गेंडे, हत्ती, वाघ, शेकडो जातींचे पक्षी. पूर्वी बाहेरचा माणूस तिथे एक पावसाळा राहिला तर तापाने जायचा. टिकले ते तिथले मूळचे लोक. वहिनी त्यांच्यातल्या. त्यांचा जन्म जंगलातल्या वस्तीत झाला. त्या नऊ वर्षांच्या असताना जंगल राखीव झालं आणि वस्ती उचलून नदीच्या अलीकडे आणली गेली. ही हकिगत त्या पाहुण्यांना एका वाक्यात सांगत. “आम्हाला बाहेर काढलं आणि तुम्हाला तिकीट लावून आत सोडलं.” असं म्हणून स्वतः हसत. पाहुण्यांना हसावं की नाही ते कळत नसे.

लग्नानंतर त्यांनी सासऱ्यांबरोबर मध काढला, वर्षातून एकदा परवानगी मिळे तेव्हा गवत कापलं, मग एका लॉजवर चादरी धुवायला लागल्या. नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर, वर्षातून दोनदा घरी. चादरी वाळत घालता घालता त्या वाटाड्यांना सांगायच्या, “आज पलीकडे जाऊ नका, बगळे खाली बसत नाहीयेत.” दोन-तीनदा त्यांचं खरं ठरल्यावर लॉजच्या मालकानेच त्यांना परीक्षेला बसवलं. बत्तिसाव्या वर्षी त्या पास झाल्या आणि वाटाड्या म्हणून परवाना घेणाऱ्या त्या भागातल्या पहिल्या बाई ठरल्या. मी भेटलो तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. मुलीच्या नर्सिंगचं दुसरं वर्ष त्याच परवान्यावर चाललं होतं.

नणंद त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न मोडून माहेरी परतलेली, तोंडाने फटकळ. वाटाड्याच्या लेखी परीक्षेत ती तीनदा नापास झाली होती. “लिहायला बसले की मला गेंडा आणि म्हैस सारखेच दिसतात,” असं ती सांगायची. म्हणून तिच्याकडे फक्त मदतनिसाचं ओळखपत्र. ती भावजयीला ‘वहिनी’ म्हणे, त्यामुळे सगळं गावच वहिनी म्हणायला लागलं. वनाधिकारीसुद्धा.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझी पत्नी आणि तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मेव्हणे. मेव्हणे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, नवा कॅमेरा गळ्यात अडकवूनच झोपतात की काय असं वाटावं इतके त्यात रमलेले. पत्नीचा गुडघा दुखत असल्यामुळे ती लॉजच्या व्हरांड्यातूनच जंगल बघणार होती.

पहिल्या संध्याकाळी वहिनी आणि नणंद आम्हाला सूचना द्यायला आल्या. शेजारच्या लॉजमध्ये पाहुण्यांसाठी नाच सुरू झाला होता, ढोल वाजत होता. पत्नीने कौतुकाने विचारलं, “तुमच्याकडे रोज नाचतात?”

वहिनी तिच्या ओठांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “नाचतो ना. पण सहाच्या ठोक्याला नाही, आणि टाळ्यांसाठी नाही.”

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण आमच्यानंतर, आमचे चेहरे बघून. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे चहाच्या किटलीचं झाकण फरशीवर पडलं. मोठा आवाज झाला. मी दचकलो, पत्नीने कानांवर हात ठेवले, नणंदेने मान वळवली. वहिनी दोरीची गुंडाळी नीट करत राहिल्या. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

वर्गात “पान बावीस उघडा” म्हटलं की सगळी मुलं पुस्तक उघडतात. एखादं मूल आधी शेजारच्याच्या हाताकडे बघतं, मग आपलं उघडतं. पहिली काही वर्षं मी अशा मुलांना मंद समजत असे. नंतर कळलं की त्यांना ऐकू येत नाही, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ती दिवसभर इतरांच्या दुप्पट मेहनत करतात. वहिनींकडे बघताना मला तेच दिसलं.

मेव्हण्यांनी विचारलं, “गेंडा अंगावर आला तर?”

“गेंड्याची नजर अधू असते,” वहिनी म्हणाल्या, “पण कान आणि नाक फार तिखट. म्हणून आत गेलं की बोलायचं नाही. सगळं दोरीवर. मागून एकदा ओढली की थांबायचं. दोनदा ओढली की तोंड न वळवता मागे यायचं. आणि मी हातातून सोडून दिली तर मिळेल ते झाड. तुम्ही फक्त धरायची. ओढायची नाही. पाहुणे ओढायला लागले तर आपण लॉजच्या फाटकापाशीच दिवसभर उभे राहू.”

“आणि सोडायचीही नाही,” नणंद म्हणाली. मग बोलण्याच्या ओघात तिने आणखी एक गोष्ट सांगितली. परवा वहिनींच्या परवान्याचं नूतनीकरण व्हायचं होतं. दोन वर्षांत एकही तक्रार नसली की वनखात्याचे साहेब शिक्का मारतात. “आणि आमच्या वहिनीची तक्रार करायची कुणाची बिशाद आहे? माझ्याशिवाय!”

रात्री मी पत्नीला काही बोललो नाही. मेव्हण्यांनाही नाही. स्वतःला समजावलं, की इतकी वर्षं ही बाई माणसं नेते आणि आणते, आपण कोण शंका घेणारे?

सकाळी होडीतून नदी ओलांडताना मी नणंदेच्या शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, “तुमच्या वहिनींना ऐकायला...”

तिने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चेहरा एकदम दगडासारखा झाला. “गुरुजी, दोरी सोडू नका. बाकीचं परत आल्यावर.”

आम्ही गवतात शिरलो. पुढे वहिनी, मग मी, माझ्यामागे मेव्हणे, शेवटी नणंद. दोघांच्या मधे सहा-सात हात अंतर. वाट एका माणसापुरती, दोन्ही बाजूंनी गवत डोक्यावर वाकलेलं. चार पावलांवरचं माणूस वळणाआड दिसेनासं व्हायचं. ऊन वर होतं, खाली हिरवट अंधार. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता, एका हातात दोरी, दुसऱ्याने गवत बाजूला सारायचं.

वहिनींचं चालणं मात्र बघत राहावं असं होतं. त्या वाकून मोडलेली काडी बोटाने दाबत, ओली आहे की सुकी ते बघत. चिखलातल्या ठशाच्या कडेवरून तळवा फिरवत. वर बघत, पाखरं कुठल्या फांदीवर नाहीत ते बघत. त्यांच्या भाषेत गवताला अकरा नावं आहेत, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि कुठल्या गवतात कोण झोपतं ते नावातच असतं. त्यांना दिसत होतं ते आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हतं. फक्त कान मागे होते, वीस हातांवर, नणंदेच्या डोक्याला. मधे ही दोरी.

एकदा मागून ओढ आली. आम्ही थांबलो. डावीकडून हरणांचा कळप वाट ओलांडून गेला. वहिनींनी मागे वळून बघितलंही नाही. पुन्हा निघालो. माझा जीव जरा भांड्यात पडला.

तासाभराने एका सावरीच्या झाडावर धनेश पक्षी बसलेला दिसला, मोठ्या चोचीचा. मी मागे वळून मेव्हण्यांना खुणावलं. तेवढंच करायला नको होतं. त्यांनी कॅमेरा उचलला, पण त्याला दोन्ही हात लागतात. दोरी सोडू नका म्हणून बजावलेलं, आणि ते बजावलेलं पाळणारे गृहस्थ. त्यांनी दोरी सोडली नाही. वाटेच्या कडेच्या एका कोवळ्या झाडाला तिचे दोन वेढे घातले, नीट ताणून बघितले आणि फोटो काढू लागले. वळणामुळे नणंदेला ते दिसत नव्हतं. वहिनी तर पुढेच बघत होत्या.

मला ते दिसलं आणि त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला चार-पाच पावलं लागली. तोवर मधली ढिली दोरी संपली आणि ताणली गेली. वहिनींच्या मुठीला एक ओढ बसली. एक ओढ म्हणजे थांबा. त्या थांबल्या, खाली बसल्या आणि समोरचा ठसा तपासू लागल्या.

तेवढ्यात डावीकडच्या गवतातून आवाज आला. कुणी मोठ्या नाकाने जोरात श्वास बाहेर टाकावा तसा. मग काड्या मोडल्याचा. मग पुन्हा श्वास, आधीपेक्षा जवळ.

वहिनी ठशाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

मी मागे बघितलं. ते कोवळं झाड हलत होतं. शेंड्याची पानं दोनदा थरथरली, थांबली, पुन्हा दोनदा थरथरली. नणंद ओढत होती. मागे या, मागे या. आणि तिची प्रत्येक ओढ त्या झाडात जिरत होती. तेवढ्यात मेव्हण्यांनाही कळलं. ते ओरडले, “वहिनी! मागे या!” आख्खं गवत दचकलं असेल त्या आवाजाने. वहिनी दचकल्या नाहीत.

पाहुण्यांनी ओढायची नाही, असा नियम होता. मी आयुष्यभर मुलांकडून नियम पाळून घेतलेला माणूस. खोटं वाटेल, पण त्या क्षणीही माझा हात त्या नियमापाशी अडला. मग मी दोनदा ओढली.

वहिनी उठल्या आणि तोंड न वळवता मागे यायला लागल्या. कोणी ओढली, का ओढली, काही बघितलं नाही. त्यांची पाठ माझ्या छातीला टेकली. मी मागे सरकलो, त्या मागे सरकल्या. सहा पावलं. सातव्या पावलाला समोरचं गवत फाटलं आणि त्या बसल्या होत्या त्याच जागेवर गेंड्याची मादी उभी राहिली. तिच्या पोटाला चिकटून पिल्लू.

वहिनींच्या मुठीतून दोरी खाली पडली.

त्यांनी मला सावरीच्या बुंध्याआड ढकललं. इतक्या जोरात, की खांदा आठवडाभर दुखत होता. मेव्हणे झाडाकडे धावले, पण कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्याच वेढ्यांत अडकला आणि ते तोंडघशी पडले. मादी त्यांच्या दिशेने वळली. इतक्यात मागून नणंद आली, डोक्याची ओढणी सोडवून तिचा बोळा करत, आणि तिने तो बाजूला गवतात भिरकावला. मादी त्या ओढणीवर गेली, ती तुडवली, नाकाने हुंगली आणि पिल्लाला घेऊन गवतात नाहीशी झाली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

मेव्हण्यांचं कोपर सोलवटलं होतं. कॅमेऱ्याची काच फुटली होती. ते उठले आणि वहिनींच्या पाठीमागे उभे राहून म्हणाले, “तुम्हाला ऐकू येत नाही.”

वहिनी दोरी गोळा करत होत्या. त्या गोळा करतच राहिल्या.

दुपारी मेव्हण्यांनी वनकार्यालयात तक्रार दिली. मला दुसऱ्या दिवशी सकाळी जबाब लिहून आणायला सांगितलं गेलं, कारण पाहिलेला दुसरा माणूस मीच.

संध्याकाळी वहिनी लॉजवर एकट्याच आल्या. व्हरांड्यात माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी.

“तुम्हाला कधी कळलं, गुरुजी?”

“काल. झाकण पडलं तेव्हा.”

“मग आज आत आलात कसे?”

“विचारायची लाज वाटली,” मी म्हणालो.

“मला सांगायची,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. डावा कान लहानपणीच्या तापात गेला. उजवा सहा वर्षांपूर्वी उतरायला लागला. घरात फक्त नणंदेला माहीत. दोरीही नणंदेचीच कल्पना. विहिरीवर पाणी ओढताना सुचलेली.

“काय लिहू?” मी विचारलं.

“खरं लिहा.” मग त्या म्हणाल्या, “पण सगळं लिहा. माझ्या कानाचं लिहिलंत तर दोरीचंही लिहा. आणि झाडाला घातलेल्या वेढ्यांचंही.”

“ते माझे मेव्हणे आहेत, वहिनी.”

“म्हणून तर विचारायला आले.” त्या उठल्या. “नाही लिहिलंत तरी राग नाही. मी सहा वर्षं लिहिलं नाही.”

मी तीन पानं लिहिली. सगळं लिहिलं, माझ्या गप्प बसण्यासकट. सकाळी मेव्हण्यांना आधी वाचायला दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि परत दिली. चहा घेतला नाही. पत्नी मला म्हणाली, “भाऊ एकच आहे मला. तुम्हाला निबंध लिहायला आजचाच दिवस सापडला?” तिचंही चुकीचं नव्हतं.

कार्यालय म्हणजे एक खोली, भिंतीवर नकाशा, खिडकीत पाण्याचा माठ. साहेब पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी माझी पानं दोनदा वाचली. मग उठून माठाकडे गेले, पाणी प्यायले आणि वहिनींच्या पाठीमागे उभे राहून साध्या आवाजात म्हणाले, “वहिनी, खुर्ची जरा बाजूला घ्या.”

वहिनी समोरच्या नकाशाकडे बघत बसल्या होत्या. त्या तशाच बसून राहिल्या. नणंदेने ओठ दाताखाली धरला.

साहेब समोर आले. “किती वर्षं?”

“सहा.”

“सहा वर्षं मी डोळे झाकून शिक्का मारला.”

“कालपर्यंत कुणाला ओरखडा आला नव्हता, साहेब,” नणंद म्हणाली. “काल आला, कारण दोरी...” आणि ती मेव्हण्यांकडे बघून थांबली.

साहेबांनीही मेव्हण्यांकडे बघितलं. “गुरुजींनी लिहिलंय ते बरोबर आहे? दोरी कुठे होती?”

मेव्हणे कोपरावरची पट्टी चाचपत राहिले. बांधकाम खात्यात त्यांनी किती चौकशा बघितल्या असतील. मला खात्री होती, ते म्हणणार, आठवत नाही.

“झाडाला,” ते म्हणाले. “मी बांधली. मला वाटलं, सोडली नाही म्हणजे झालं. पण साहेब, या बाईंना ऐकू येत नाही हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते मी मागे घेणार नाही.”

“नका घेऊ,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते ओठांवर वाचलं होतं. “ते खरंच आहे.”

साहेबांनी टोपी उचलली. “चला.”

“कुठे?” नणंदेने विचारलं.

“गवतात. तुम्ही मागे, मी मधे. कुठे ओढायचं ते मी ठरवणार नाही. जे ऐकू येईल त्यावर तुम्ही ठरवा. परत आल्यावर बघू.”

ते तिघं होडीत बसून गेले. आमची बस बाराची. मी, पत्नी आणि मेव्हणे कार्यालयाच्या पायरीवर सामान घेऊन बसलो. पलीकडच्या काठावर गवत हलायचं आणि दर वेळी आम्ही तिघंही मान वर करायचो. वारा असायचा. एकदा बगळ्यांचा थवा एकदम उठला आणि कितीतरी वेळ घिरट्या घालत राहिला. मेव्हणे उभे राहिले. “बसत नाहीयेत,” ते म्हणाले. वहिनींची बगळ्यांची खूण त्यांनाही ठाऊक झाली होती.

पावणेबाराला होडी दिसली. तिघं होती. साहेबांचे बूट चिखलाने भरलेले, टोपी हातात, चेहरा घामाने निथळत होता. काय दिसलं, किती वेळा ओढली, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आत जाऊन खुर्चीत बसले, परवाना पुढे ओढला आणि शिक्का मारण्याआधी एक ओळ लिहिली. नणंदेने ती मोठ्याने वाचली, वहिनींकडे तोंड करून. सोबत ऐकणारा मदतनीस व दोरी असेल तरच, आणि पाहुण्यांना आधी कल्पना देऊन.

वहिनींनी ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. पाहुण्यांना आधी कल्पना देऊन. याचा अर्थ काय ते त्यांना लगेच कळलं होतं. कितीतरी पाहुणे ते ऐकून दुसरा वाटाड्या घेतील. त्यांनी परवाना पदराला पुसला आणि घडी घातली.

“झालं,” नणंद म्हणाली. “आता मला सर्दी व्हायचीसुद्धा सोय राहिली नाही.”

बसने हॉर्न दिला. आम्ही धावतपळत चढलो. वहिनी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, खांद्यावर दोरीची गुंडाळी. मी खिडकीतून हात हलवला. बस सुटणार इतक्यात मेव्हणे उठले आणि दारातून खाली उतरले. कंडक्टर वैतागून ओरडला. मेव्हणे वहिनींच्या मागून येत होते. ते थांबले, वळसा घालून त्यांच्या समोर गेले, उजेडाकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग काहीतरी बोलले.

काय बोलले ते मला बसमध्ये ऐकू आलं नाही. वहिनींना कळलं असावं. कारण या वेळी त्या हसल्या, आणि कुणाच्याही आधी हसल्या.